सवालाला जबाब देणारा हवा

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई
यांस,



गौरी-गणपती जवळ आले की आमच्या किनाऱ्यावर, उरणपासून थेट हरिहरेश्वरापर्यंत, एक वाद पुन्हा पेटतो. मुंबईहून आलेले चाकरमानी, गावातले थकलेले शाहीर, कॉलेजातली पोरं, सगळे त्यात पडतात. म्हातारे म्हणतात, गाणं होतं ते आमच्या वेळी, आता नुसता धिंगाणा उरलाय. पोरं म्हणतात, तुमची बारी तुम्हाला लखलाभ, आम्हाला आमचं रॅप करू द्या. हल्ली तर पोरांमध्येच दोन तट पडलेत. पंचविशीतला मुलगा सतरा वर्षांच्या मुलाला बजावतो की डिव्हाइन आणि नेझी यांनी २०१५ साली ‘मेरे गली में’ केलं तेव्हाचं रॅप खरं होतं. आताचं म्हणजे गाड्या, गळ्यातल्या साखळ्या आणि शिव्या. ‘आमच्या वेळी’ म्हणायला त्याला दहा वर्षंही पुरली.

हा वाद मला किरकोळ वाटत नाही, म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे. मी श्रीवर्धन तालुक्यातली. शक्ती-तुऱ्याच्या बाऱ्या ऐकत वाढले, आणि मराठी रॅपही तितक्याच ओढीनं ऐकते. दोन्ही मला एकाच कुळीची वाटतात. दोन्हींच्या ऱ्हासाचं जे कारण चारचौघांत सांगितलं जातं ते मला पटत नाही. ऱ्हास झालाय, पण तो भलत्याच ठिकाणी झालाय. आणि तिथं आपलं खातं हात घालू शकतं.

ज्यांनी शक्ती-तुरा रात्रभर बसून ऐकला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. देवळापुढं किंवा खळ्यात मांडव पडतो. दोन पक्ष असतात. एक शक्तीवाला, म्हणजे कलगीवाला, दुसरा तुरेवाला. शक्तीवाल्याचा दावा असा की मूळमाया थोर, प्रकृती थोर, तिच्याशिवाय शिवही हलत नाही. तुरेवाला म्हणतो, पुरुष थोर, शिव थोर. पेशवाईतल्या शाहिरांपासून हा झगडा चालत आलाय, आणि तिकडे राजस्थानात चितोडच्या बाजूलाही तुर्रा-कलंगी म्हणून हाच झगडा गातात. आमच्याकडे ढोलकी आणि झांज, गाणारा शाहीर, त्याच्यामागे झील धरणारे, आणि भोवती पायात चाळ बांधून फेर धरणारे नाचे. कुणी त्याला जाखडी म्हणतं, कुणी बाल्या नाच. आधी गण होतो, मग गवळण होते, आणि मग रात्र खऱ्या अर्थानं सुरू होते, कारण मग सवाल येतो.

सवाल म्हणजे पुराणातला आडवाटेचा एखादा प्रसंग. कोण, कुणाच्या शापानं, कुठल्या जन्मी, कुणाच्या पोटी आला. आणि त्याचं नाव न घेता, कडव्यामागून कडवं रचत शाहीर गाठ अशी घट्ट मारतो की समोरच्याच्या कपाळावर घाम येतो. त्याला पुढच्या बारीत, म्हणजे आपल्या पाळीत, ती गाठ सोडवावी लागते आणि वर आपली नवी गाठ मारून द्यावी लागते. जबाब आला नाही तर फड तिथंच पडतो. ते पडणं पुढच्या वर्षापर्यंत एसटीत, मच्छीबाजारात, होडीवर ऐकून घ्यावं लागतं. शेवटच्या कडव्यात कवीचं आणि त्याच्या गुरूचं नाव गुंफलेलं असतं. त्याला छाप म्हणतात. दुसऱ्याच्या गाण्यावर आपली छाप मारली तर त्या माणसाला पुढं कुठल्याही मांडवात मान मिळत नाही. गिरण्या चालू होत्या तेव्हा हेच सामने परळ-लालबागेत रंगायचे. परळच्या दामोदर नाट्यगृहानं कोकणातल्या कितीतरी शाहिरांना मुंबईत उभं केलं. ते नाट्यगृह २०२३च्या अखेरीस पुनर्बांधणीसाठी बंद झालं तेव्हा नाटकवाल्यांइतकेच आमच्याकडचे नमन आणि शक्ती-तुऱ्याचे लोक हवालदिल झाले.

आता दुसरीकडची गोष्ट. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, सेजविक अॅव्हेन्यूवरच्या १५२० नंबरच्या इमारतीत, ११ ऑगस्ट १९७३ रोजी एका मुलीनं शाळेच्या कपड्यांसाठी पैसे जमवायला पार्टी ठेवली. तिचा अठरा वर्षांचा भाऊ, जमैकाहून आलेला, कूल हर्क या नावानं ओळखला जाणारा, तबकड्या वाजवत होता. गाण्यातला फक्त तालाचा तुकडा त्यानं पुन्हा पुन्हा लांबवला, कारण लोक नेमके त्याच तुकड्यावर नाचतात हे त्यानं हेरलं होतं. हिप-हॉपचा जन्म तिथून मोजतात. त्या तालावर बोलणारा हळूहळू पुढं आला, बोलण्याला यमक आलं, यमकाला टोला आला. वाद्यं परवडत नव्हती, तबकडी परवडत होती. बऱ्याच इमारती जळून ओस पडलेल्या, कामं गेलेली. १९८२ साली ग्रँडमास्टर फ्लॅश आणि त्याच्या साथीदारांचं ‘द मेसेज’ आलं तेव्हा ते सगळं गाण्यात शिरलं.

पण या इतिहासातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी रात्र १९८१ची आहे. हार्लेम वर्ल्ड नावाच्या क्लबमध्ये बिझी बी नावाचा लोकांचा लाडका गायक होता. हाळी द्यायची, लोकांकडून प्रतिसाद घ्यायचा, सगळ्यांना हसवायचं, यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्या रात्री त्याच्यानंतर कूल मो डी उभा राहिला आणि लोकांना नाचवायच्या भानगडीत न पडता त्यानं बिझी बीच्या गाण्याचीच चिरफाड केली. तुझ्याकडे आरोळ्या आहेत, रचना कुठाय, असा त्याचा रोख होता. एका बारीत सगळं फिरलं. त्या रात्रीची कॅसेट हातोहात फिरली, आणि त्यानंतर नुसत्या आरोळ्यांवर भागवणं रॅपरांना कठीण झालं. गावातल्या मांडवात जे होतं तेच तिथं झालं. जबाब आला, म्हणून गाणं सुधारलं.

मी रोख कुठं नेते आहे ते आपल्या लक्षात आलं असेल. पण त्याआधी जुन्याच्या भक्तांशी दोन गोष्टी बोलायला हव्यात, कारण त्यांचं ऐकून धोरण ठरलं तर नुकसान होईल.

जुनं सगळं सोनं होतं ही समजूत खोटी आहे. रॅपची पहिली गाजलेली तबकडी १९७९ची, शुगरहिल गँगची. ती खुशालचेंडू पार्टीचं गाणं होती. शिवाय त्या गाण्यातला एक मोठा भाग ग्रँडमास्टर कॅझ नावाच्या दुसऱ्याच कवीच्या वहीतला होता. ज्यानं तो गायला त्यानं कॅझला श्रेय दिलं नाही. म्हणजे छापेची चोरी रॅपच्या पहिल्या पानावरच आहे. पुढं २००६ साली नॅस या रॅपरनं आपल्या अल्बमचं नावच ‘हिप-हॉप इज डेड’ ठेवलं. त्यानंतर बारा वर्षांनी केन्ड्रिक लमार या रॅपरच्या अल्बमला पुलित्झर पारितोषिक मिळालं; तोवर संगीताचं पुलित्झर शास्त्रीय आणि जॅझच्या बाहेर कधी गेलंच नव्हतं. मेलं म्हणून जाहीर झालेल्या गोष्टीला असं काही होत नसतं.

आपल्याकडे तर स्मरणशक्ती आणखी सोयीनं चालते. अस्सल जुनं कोळीगीत कोणतं असं विचारलं की लोक ‘मी डोलकर’ सांगतात. ते सुंदर गाणं आहे, माझ्या फार आवडीचं. पण ते शान्ता शेळके यांनी लिहिलं, हृदयनाथ मंगेशकरांनी त्याला चाल लावली, लता मंगेशकर आणि हेमंतकुमार ते गायले. शान्ताबाई पुणे जिल्ह्यातल्या. समुद्राशी कुळाचा संबंध नसलेल्या एका मोठ्या कवयित्रीनं आणि एका मोठ्या संगीतकारानं मुद्दाम घडवलेलं ते गाणं आहे, आणि कोळीवाड्यांनी ते आपलं मानलं. पुढं नव्वदच्या दशकात वेसावकर आणि मंडळींच्या कॅसेटी घराघरांत वाजल्या, तेव्हाही ‘हे काय कोळीगीत झालं?’ म्हणणारे होतेच. आज तीच गाणी लावून म्हातारे डोळे पुसतात.

शिव्यांचं म्हणाल तर मला फार राग येतो तो इथं. रॅपमध्ये शिव्या आहेत म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी शिमगा पाहिलाच नाही काय? होळी पेटली की आमच्या गावांत बोंब मारायची, नावं घेऊन फटकवायची, वर्षभर ज्याच्यापुढं मान खाली घातली त्याच्यावर चार ओळी सोडायची मुभा असते. वाडवडलांनी ती मुभा ठेवली, कारण वर्षातून एकदा तरी लहान माणसाला मोठ्या माणसाबद्दल मोठ्यानं बोलता यावं. आणि लावणीच्या, शाहिरीच्या जुन्या बाडांत काय काय आहे हे ज्यांनी ती उघडून पाहिलीत त्यांना ठाऊक आहे. शिवी हा ऱ्हासाचा पुरावा नाही. शिवी कुणाला घातली आणि ती परत येण्याची भीती होती का, एवढंच मी बघते.

भीती होती का, हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. मांडवातल्या शाहिरानं शिवी घातली तर समोर दहा हातांवर ज्याला घातली तो बसलेला असे, आणि पुढची बारी त्याची असे. आज खोलीत बसून, तयार बीट उतरवून घेऊन, आवाजावर ऑटोट्यूनचा मुलामा चढवून जो मुलगा शिवी घालतो त्याच्यासमोर कुणी नसतं. ज्याला घातली तो बहुधा कुणी नसतोच, एक काल्पनिक ‘हेटर’ असतो. बाईला घातली तर तिला मंचच नसतो. अशा शिवीत धार येणार कुठून? ती बोथट होते, मग वाढवावी लागते, मग नुसती तीच उरते. हीच गत कौतुकाची. चोवीस तासांत इतके व्ह्यू, इतके लाइक, आणि खाली आगीच्या चित्रांची रांग. यमक चुकलंय रे, ही ओळ तू अमक्याची उचललीस, दुसऱ्या कडव्यात तुझा मुद्दा पडला, असं सांगणारा माणूसच त्या वाटेवर भेटत नाही.

यात भर पडली ती मोजमापाची. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं की एक ऐकणं धरलं जातं. २९ जून २०२०ला टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामची रील आली. आमच्या किनाऱ्यावरची पोरं एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर गेली, पण गाण्याचा आकार तोच राहिला. पहिल्या काही सेकंदांत पकड घ्या, नाहीतर अंगठा पुढं सरकतो. सवाल या साच्यात बसत नाही. सवालाला वेळ लागतो, कारण ऐकणाऱ्याला आधी वाटेवर आणावं लागतं, मग चकवावं लागतं. त्यामुळे ज्या मुलात सवाल रचायची ताकद आहे तोही ‘हळदीला वाजेल का’ एवढंच पाहून लिहितो. आगरी-कोळी समाजात हळद हा लग्नाहून मोठा सोहळा असतो, आणि हळदीच्या डीजेपुढं नाचणाऱ्या दोनशे माणसांना शब्द ऐकायचे नसतात, त्यात त्यांची काही चूक नाही. चूक अशी की त्या पोराला दुसरं कुठलं अंगण आपण ठेवलेलंच नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे: गाणं खालावतं ते नवं झालं म्हणून नाही, शिव्यांनी नाही, मशीननं तर नाहीच. समोरून जबाब येईनासा झाला की ते खालावतं. आणि हे शक्ती-तुऱ्यालाही लागू आहे, हे मी माझ्या म्हाताऱ्यांना तोंडावर सांगते. हल्लीच्या काही जंगी सामन्यांत सवाल नावापुरता उरलाय. सिनेमाच्या चालीवर समोरच्या शाहिराच्या घरादाराचा उद्धार होतो. एका बाजूला स्त्री शाहीर आणि दुसऱ्या बाजूला पुरुष शाहीर असा सामना लावला जातो, आणि पोस्टर तसं चमकतं. ज्या परंपरेत प्रकृती थोर की पुरुष थोर हा मूळ वाद, तिथं खरी बाई शक्तीच्या बाजूनं उभी राहिली, ही केवढी मोठी संधी! तिच्या तोंडून तो वाद नव्यानं ऐकायला मिळायला हवा होता. त्याऐवजी बऱ्याचदा तिच्यावर द्व्यर्थी ओळी फेकल्या जातात आणि तिनं तशाच परत फेकाव्यात अशी अपेक्षा असते. पुराणं वाचलेला, सवाल बांधणारा कवी मागं पडलाय, कारण त्याच्या कोड्याची क्लिप होत नाही. म्हणजे रोग एकच आहे, आणि तो दोन्ही घरांत शिरलाय.

आता जिथं समोर कुणी होतं, तिथलं नवं गाणं बघा. मुंबईत ‘स्वदेशी’ नावाच्या रॅपर मंडळींनी २०१९ साली आरेच्या जंगलातले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन ‘द वारली रिव्होल्ट’ केलं. जंगलात मेट्रोची कारशेड येत होती, समोरचा पक्ष ठरलेला होता, म्हणून त्या गाण्यात एकही ओळ फुकट नाही. पारंपरिक वारली सूर आणि बीट त्यात एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभे आहेत. ते ऐकून मला पहिल्यांदा वाटलं की आमच्या खालूबाज्यावरही कुणीतरी असं लिहावं.

घरचं उदाहरण त्याहून जवळचं. १९८४च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, उरणच्या भूमिपुत्रांवर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मे झाले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या जमिनीच्या त्या लढ्यातून पुढं साडेबारा टक्के विकसित जमिनीचं तत्त्व आलं. २०२१ साली नवी मुंबई विमानतळाच्या नावाचा प्रश्न आला, तेव्हा इथल्या लोकांना दिबांचं नाव हवं होतं, सिडकोचा प्रस्ताव वेगळ्या नावाचा होता. जूनमध्ये मानवी साखळी झाली, २४ जूनला, दिबांच्या स्मृतिदिनी, सिडको भवनाला घेराव पडला. त्या महिन्यांत आगरी-कोळी पोरांनी दिबांवर गाणी केली. त्यातली पुष्कळ साधी होती, घोषणेच्या अंगानं जाणारी, हे मी मान्य करते. पण हळदीच्या गाण्यात ‘गो’ आणि ‘नाखवा’ यांच्यापलीकडे न गेलेली आगरी बोली त्या गाण्यांत जमीन, मोबदला, गोळी, सातबारा असे शब्द घेऊन उभी राहिली. शाळेत ज्या बोलीवरून या मुलांना गावंढळ ठरवलं गेलं तीच बोली माइकपुढं ताठ झाली. समोर सिडको होती, सरकार होतं, म्हणून हे झालं.

आणि सरकारचा विषय निघालाच आहे, तर आपल्याशी स्पष्ट बोलायला हवं. एप्रिल २०२३मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासेवर एका राजकीय रॅप गाण्यासाठी अंबरनाथला गुन्हा दाखल झाला. त्याच महिन्यात मुंबईत उमेश खाडेवरही राजकीय गाण्यासाठीच गुन्हा दाखल झाला. ती गाणी आपल्याला आवडली असतील किंवा नसतील. मला स्वतःला त्यांची रचना फार बांधेसूद वाटली नाही. पण ते सवाल होते, सरळ सत्तेला घातलेले. महाराष्ट्रात सवालाचा जबाब मांडवात द्यायची रीत आहे. इथं तो पोलीस ठाण्यातून आला. सत्तापक्षाकडे कवी नाहीत काय? एखाद्या तरण्या पोरानं त्याच तालावर उलट गाणं केलं असतं तर आठवडाभर राज्य ते ऐकत बसलं असतं, आणि दोन्ही गाण्यांची लायकी लोकांनीच ठरवली असती. मुंबई सरकारनं तमाशावर बंदी आणली तेव्हा अण्णा भाऊ साठे थांबले नाहीत, त्यांनी लोकनाट्य उभं केलं. बंदी घालणाऱ्यांची नावं आज शोधावी लागतात. धमकी, जातिवाचक शिवी, कुणाच्या जिवावर उठलेली ओळ यांच्यासाठी कायदा आहे आणि तो असावा. पण टीकेसाठी गुन्हा नोंदवला की त्या वयाची शंभर पोरं पुन्हा गाड्या आणि साखळ्यांकडे वळतात, कारण तिथं कुणी पकडायला येत नाही. मग आपणच म्हणायचं की रॅपचा दर्जा घसरला. माझी पहिली विनंती हीच, की आपल्या खात्यानं गृहखात्याला लिहावं: गाण्याबद्दलची तक्रार आली तर गुन्हा नोंदण्याआधी शाहिरी आणि साहित्य कळणाऱ्या माणसांचं मत घ्यावं.

दुसरी विनंती वह्यांची आहे. म्हसळा, श्रीवर्धन, माणगाव, महाड, पोलादपूर या पट्ट्यातल्या जुन्या कवींच्या घरी सवाल-जबाबांच्या हस्तलिखित वह्या आहेत. कुठे दोन, कुठे ट्रंकभर. चाल कुठली, गुरू कोण, कुठल्या गावच्या कुठल्या सामन्यासाठी लिहिलं, हे समासात लिहिलेलं असतं. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन-मुरुडकडे घरांचे पत्रे उडाले, कौलं फुटली, सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. पंचनाम्यात घराचा रकाना होता, झाडांचा होता, होडीचा होता. भिजलेल्या वहीचा नव्हता. जे उरलंय ते घरी जाऊन, मालकाच्या हातून न काढता, तिथंच छायाचित्रित करता येईल, आणि कवी हयात असेल तर त्याच्या आवाजात चालीसकट ध्वनिमुद्रित करता येईल. धवलारिणींचंही तसंच. आगरी लग्नात जिच्या गाण्याशिवाय विधी पुढं सरकत नसे ती बाई आता थोड्याच गावांत उरली आहे. तिचं सगळं गाणं पाठ असतं, कागद नसतोच, म्हणून तिच्याकडे आधी जावं लागेल. हे साहित्य संग्रहालयात कुलूपबंद करू नका. पोरांच्या फोनवर फुकट मिळू द्या. रॅप लिहिणाऱ्या मुलाला अमेरिकेतल्या रॅपरची शंभर गाणी पाठ असतात आणि आपल्या तालुक्यातल्या कवीचा एक सवाल ठाऊक नसतो, यात त्याचा काय दोष? त्याला तो मिळाला कुठं?

तिसरी विनंती मुख्य आहे. आपलं सांस्कृतिक कार्य संचालनालय नाट्यस्पर्धा भरवतं, लोककलांची शिबिरं घेतं. रायगडच्या किनाऱ्यावर एक सवाल-जबाबाची स्पर्धा भरवा, ज्यात रॅप करणारी मंडळी आणि शक्ती-तुऱ्याचे फड एकमेकांसमोर उभे राहतील. वेगवेगळे गट नकोत, ‘पारंपरिक’ आणि ‘आधुनिक’ अशा पाट्या नकोत. एका बाजूला ढोलकी, दुसऱ्या बाजूला बीट. दोन बाऱ्या. पहिली तयारीची, दुसरी तिथंच मिळालेल्या विषयावर, आणि त्या दुसऱ्या बारीत आधी ध्वनिमुद्रित केलेला आवाज चालणार नाही. दुसऱ्याची ओळ उचलली तर बारी बाद. मुलींचे आणि बायकांचे संघ पहिल्या वर्षापासून, नावापुरते नव्हे, अंतिम फेरीत त्यांची जागा राखून. परीक्षकांत एक जुना शाहीर, एक रॅपर, आणि एक आगरी-कोळी बोली नीट कळणारं माणूस. बाकीचा निकाल मांडवातले लोक रात्रीच लावतील. शहरातलं वातानुकूलित सभागृह घेऊ नका. तिथं ऐकणारे टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. मुरुडला, दिघीला, करंज्याला, बंदराच्या मोकळ्या जागेवर मांडव घाला. वेळ शिमग्याची ठेवा. चाकरमानी गावात असतात, आणि बोलायची मोकळीक रीतीनंच मिळालेली असते. ध्वनिक्षेपकाची वेळेची मर्यादा पाळायची तर संध्याकाळी पाचला सुरुवात करा. मोठ्या आवाजाच्या भिंती लागणारच नाहीत, कारण शब्द ऐकायचे आहेत.

हे खर्चाचं काम नाही, हे आपणही जाणता. अवघड भाग आहे तो सरकारनं अशा मांडवाचं यजमानपद घ्यायचा, जिथं सरकारवरही सवाल पडतील. पण या किनाऱ्याला ते नवीन नाही. चरीच्या कुळांनी २७ ऑक्टोबर १९३३ला खोतांना जमीन कसायची नाही म्हणून सांगितलं आणि सहा वर्षं शब्द पाळला. चिरनेरचे आदिवासी आणि शेतकरी २५ सप्टेंबर १९३०ला सत्याग्रहासाठी जंगलात शिरले. इथली माणसं विचारतात. त्यांना विचारायला मंच दिला तर ती नीट विचारतील, यमकात विचारतील, आणि समोरून तितकंच चांगलं उत्तर आलं तर मान हलवून दादही देतील.

पहिल्या सामन्याचा विषयही सुचवते. रेवस-करंजा पूल. अंतुलेसाहेब मुख्यमंत्री होते तेव्हापासून हा पूल बोलण्यात आहे, आता काम चालू आहे. त्यानं मुंबई जवळ येईल, रुग्णाला वेळेवर इस्पितळ मिळेल, मांडवा-किहीमपाठोपाठ आणखी जमिनी विकल्या जातील, खाडीत जाळं टाकणाऱ्याचं काय होईल ते होईल. एका बाजूनं पूल हवा म्हणून गायचं, दुसऱ्या बाजूनं नको म्हणून. बाजू नाणं उडवून ठरवा, म्हणजे कुणालाही आपल्या घरातलं मत घोकून येता येणार नाही. पुलाच्या बाजूनं गायची पाळी करंज्याच्या कोळी पोरावर आली आणि विरोधात गायची पाळी जमिनीच्या पैशातून गाडी घेतलेल्या घरातल्या पोरीवर आली, तर त्या रात्री पहिल्या रांगेत मी बसलेली असेन. आपणही यावं, आणि एखादा सवाल आपल्यावर पडला तर पुढच्या बारीत जबाबासाठी आपला कवी उभा करावा.

कळावे,
आपली,
श्रीवर्धन तालुक्यातली एक श्रोती